टेकड्यांवरील गहू आणि सरकारी अनुदान

शेतमालाला रास्त भाव मिळावा, ही मागणी आपल्या कानांवर नित्य पडते. भाव कोसळला म्हणजे सरकारने हात द्यावा, असे शेतकरी म्हणतो. त्या मदतीचा पैसा सर्वांच्या करांतून येतो, तेव्हा तो योग्य हाती पडावा, असे नागरिक म्हणतो. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. आणि म्हणूनच त्यांची सांगड घालणे अवघड आहे. हा पेच केवळ गरीब देशांपुढे आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः जगातील अत्यंत धनाढ्य अशा अमेरिकेतही गेली नव्वदांहून अधिक वर्षे तो सुटलेला नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्या विशाल देशातील एकाच ग्रामीण मुलखावर दृष्टी ठेवून, सरकारी अनुदान शेतकऱ्याच्या हाती कसे पडते, कोणत्या हिशेबाने पडते आणि त्याचे बरेवाईट परिणाम काय होतात, याचा विचार करणार आहोत. एका गावचा ओढा नीट पाहिला म्हणजे नदीचे ज्ञान सोपे होते. तसेच येथेही होईल.

मुलूख आणि पीक

अमेरिकेच्या वायव्य भागात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. देशाची राजधानी असलेले वॉशिंग्टन शहर ते हे नव्हे. ते पूर्व किनाऱ्याजवळ आहे. या राज्याच्या पूर्व सीमेवर, आयडाहो राज्याला लागून, व्हिटमन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय विभाग. आपल्याकडील जिल्ह्याशी त्याची तुलना करता येईल. व्हिटमन काउंटीची स्थापना १८७१ मध्ये झाली. तिचे मुख्य ठाणे कोलफॅक्स हे लहानसे गाव असून सर्वांत मोठे शहर पुलमन हे आहे. पुलमन येथे राज्याचे विद्यापीठ आहे आणि शेतीच्या संशोधनासाठी ते प्रसिद्ध आहे.

या काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे २,१७८ चौरस मैल, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ दीडपट आहे. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत साडेचौदा लाखांच्या वर होती. व्हिटमन काउंटीची २०२० च्या शिरगणतीत अवघी ४८ हजारांच्या आसपास भरली, आणि तीतही निम्म्याहून अधिक माणसे एकट्या पुलमन शहरात राहणारी. उरलेल्या विस्तीर्ण भूमीवर माणसे विरळ आणि शेते अफाट. एकेका शेतकऱ्याची जमीन सरासरीने हजार एकरांच्या घरात जाते. आपल्याकडे दोन-चार एकरांचा धनी शेतकरी म्हणवितो, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील आकड्यांचा अर्थ नीट लागेल.

या प्रदेशाला ‘पलूस’ म्हणतात. वाऱ्याने युगानुयुगे वाहून आणलेल्या बारीक मातीच्या, लाटांसारख्या एकापुढे एक पसरलेल्या टेकड्या हे त्याचे वैशिष्ट्य. माती अत्यंत सुपीक, परंतु उतार तीव्र. या उतारांवर चालताना आपले धड समतल राखणारी कापणी-मळणी यंत्रे तेथे वापरतात. शरद ऋतूत गहू पेरायचा, हिमाखाली त्याने हिवाळा काढायचा आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याची कापणी करायची, असा तेथील मुख्य क्रम. अमेरिकेत सर्वाधिक गहू पिकविणाऱ्या काउंट्यांत व्हिटमनचे नाव अग्रभागी असते. तेथील मऊ पांढरा गहू स्नेक व कोलंबिया या नद्यांतून पडावांनी पोर्टलंडच्या बाजूच्या बंदरांकडे जातो आणि तेथून जपान, फिलिपाइन्स, कोरिया अशा देशांत पोहोचतो. गव्हाखेरीज मसूर, हरभरा आणि वाटाणा ही कडधान्येही या टेकड्यांवर होतात. त्यांच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे. कारण तेथेच आपल्या स्वयंपाकघराचा या दूरच्या मुलखाशी संबंध येतो.

अनुदानाचा उगम

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातील शेती उद्ध्वस्त झाली आणि अमेरिकन गव्हाला मागणी आली. १९१९ च्या सुमारास बुशेलमागे दोन डॉलरांहून अधिक भाव मिळत होता. बुशेल हे मूळचे माप. गव्हाचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, सुमारे २७ किलोग्रॅम. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, यंत्रे घेतली, पेरा वाढविला. युद्ध संपले, युरोप पुन्हा पिकू लागला आणि भाव उतरला. १९२९ नंतरच्या महामंदीत तर तो १९३२ मध्ये ४० सेंटांच्याही खाली गेला. धान्य कोठारात सडत होते आणि शहरांत माणसे भाकरीसाठी रांगा लावीत होती. कर्ज फिटेना म्हणून बँका शेते जप्त करू लागल्या.

अशा वेळी, १९३३ मध्ये, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने शेती-समायोजन कायदा केला. त्याची कल्पना अशी की, माल फार झाला म्हणून भाव पडला आहे. तेव्हा शेतकऱ्याने पेरा कमी करावा आणि त्याबद्दल सरकारने त्याला रोख मोबदला द्यावा. हा पैसा गिरणीवाले इत्यादी प्रक्रिया करणाऱ्यांवरील करातून उभा राहावयाचा होता. त्याच वर्षी दक्षिणेत उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. भुकेच्या दिवसांत पीक मोडणे पाहून अनेकांना धक्का बसला. पुढे १९३६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा गाभाच घटनाबाह्य ठरविला. सरकारने लगेच दुसरा मार्ग काढला: जमिनीची धूप थांबविण्यासाठी पीक बदलणाऱ्यास मोबदला. हेतू बराचसा तोच, परंतु नाव मातीचे.

१९३८ च्या कायद्याने या सर्व व्यवस्थेला स्थिर रूप दिले. तिच्यातील एक युक्ती समजून घेण्यासारखी आहे. शेतकरी आपले धान्य सरकारी महामंडळाकडे तारण ठेवून ठरावीक दराने कर्ज घेई. बाजार चढला तर धान्य विकून कर्ज फेडावे; बाजार पडला तर धान्य सरकारच्या हवाली करावे, की कर्ज फिटले. म्हणजे कर्जाचा दर हाच व्यवहारात किमान भाव ठरला. त्याचबरोबर कोणी किती एकर पेरावे याच्या मर्यादाही आल्या. ओहायो राज्यातील रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला १९४१ च्या पिकासाठी ११.१ एकर गव्हाची परवानगी होती. त्याने २३ एकर पेरला. जादा गहू मुख्यतः घरच्या गुराकोंबड्यांसाठी, बियाण्यासाठी व घरखर्चासाठी आहे, असे त्याचे म्हणणे. तरीही ११७ डॉलर ११ सेंट दंड बसला, आणि १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचाच अधिकार मान्य केला. सरकारचा पैसा येतो, तेव्हा त्यामागून सरकारचा नियमही शेताच्या बांधावर येतो, हा धडा या खटल्याने दिला.

पुढील काळात नियमांची आणि मोकळिकीची ओढाताण सतत चालू राहिली. १९६३ च्या मे महिन्यात देशभरातील गहू-उत्पादकांचा कौल घेण्यात आला. कडक पेरामर्यादा व त्याबदली चढा भाव, असा प्रस्ताव होता. तो शेतकऱ्यांनी मताधिक्याने नाकारला. १९९६ च्या कायद्याने पेऱ्यावरील बंधने बहुतांशी उठविली, आणि अनुदान हळूहळू कमी करीत नेण्याचा बेत केला. परंतु १९९८ पासून भाव घसरताच संसदेने तातडीची मदत सुरू केली. २००२ च्या कायद्याखाली भाव चांगला असो वा वाईट, दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याची पद्धत चालू राहिली. ‘ज्याला गरज नाही त्यालाही पैसा’ अशी टीका होऊन २०१४ मध्ये ती बंद झाली.

हिशेबाची रीत

२०१४ च्या कायद्याने दोन पर्याय पुढे ठेवले आणि २०१८ च्या कायद्याने ते चालू ठेवले. पहिला पर्याय भावाचा. सरकार प्रत्येक पिकाची एक संदर्भ किंमत ठरविते. गव्हासाठी ती बुशेलमागे ५ डॉलर ५० सेंट होती; २०२५ च्या नव्या कायद्याने ती ६ डॉलर ३५ सेंट केली. देशातील वर्षभराचा सरासरी बाजारभाव या किमतीहून खाली गेला, तर जो फरक पडेल तो सरकार भरून देते.

परंतु हा फरक शेतकऱ्याने त्या वर्षी पिकविलेल्या प्रत्येक बुशेलावर मिळत नाही. प्रत्येक शेताच्या नावे सरकारी दप्तरात ‘मूळ क्षेत्र’ नोंदलेले असते. पूर्वीच्या काही वर्षांत तेथे कोणते पीक किती एकर होते, यावरून ते ठरलेले असते. त्याचप्रमाणे एकरी उताराही दप्तरी ठरलेला असतो. मूळ क्षेत्राच्या शेकडा ८५ भागावरच रक्कम मोजतात. यंदा त्या जमिनीत गव्हाऐवजी मसूर पेरला, तरी गव्हाचे मूळ क्षेत्र गव्हाचेच राहते.

आता उदाहरण करून पाहू. एका शेताचे गव्हाचे मूळ क्षेत्र ४०० एकर आणि दप्तरी उतारा एकरी ६० बुशेल आहे, असे समजा. २०१६-१७ या विक्रीवर्षात गव्हाचा देशातील सरासरी भाव ३ डॉलर ८९ सेंट होता. तेव्हाची संदर्भ किंमत ५ डॉलर ५० सेंट. फरक १ डॉलर ६१ सेंट. ४०० एकरांचे शेकडा ८५ म्हणजे ३४० एकर. ३४० ला ६० ने गुणिले असता २०,४०० बुशेल. त्यांना १.६१ ने गुणिले म्हणजे ३२,८४४ डॉलर. अर्थसंकल्पी काटछाट वगैरे सोडून दिली, तर एवढी रक्कम त्या शेताच्या वाट्याला येते. याउलट २०२२-२३ मध्ये सरासरी भाव ८ डॉलर ८३ सेंट होता. त्या वर्षी याच पर्यायाखाली गव्हासाठी एक सेंटही मिळाला नाही. पडत्या काळात आधार, चढत्या काळात काही नाही, असे या योजनेचे तत्त्व आहे. मात्र विक्रीवर्ष संपून सरासरी निघाल्याशिवाय रक्कम ठरत नाही. म्हणून कापणीनंतर वर्ष उलटून गेल्यावर ती हाती पडते. तोवर बियाणे, खत आणि इंधन यांची बिले शेतकऱ्याने भागवावयाची असतात.

दुसरा पर्याय उत्पन्नाचा. त्यात संपूर्ण काउंटीचा सरासरी उतारा व भाव यांवरून अपेक्षित उत्पन्न काढतात, आणि प्रत्यक्ष उत्पन्न त्याच्या शेकडा ८६ हून खाली गेले तर मर्यादित भरपाई मिळते, असे २०१४ व २०१८ च्या कायद्यांत होते. येथे काउंटी हेच माप असल्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. एखाद्याचे पीक गारपिटीने साफ गेले, परंतु बाकीची काउंटी उत्तम पिकली, तर त्याला या योजनेतून काहीच मिळत नाही. अशा आपत्तीसाठी पीकविमा आहे. अमेरिकेत सरकारी पीकविमा १९३८ पासून असून त्याच्या हप्त्याचा मोठा भाग आज सरकारच भरते.

कचेरी आणि समिती

एवढा पैसा वाटणारी कचेरी कोठे असते? शेती-खात्याची शाखा काउंटीच्या पातळीवरच असते, आणि तिच्या कामावर स्थानिक शेतकऱ्यांनी निवडलेली समिती देखरेख करते. समितीचे सभासद ३ पासून ११ पर्यंत असतात. मुदत तीन वर्षांची. मतपत्रिका टपालाने जातात. शेताची, बांधांची, पिकांची माहिती असलेला शेजारीच निर्णयात असावा, ही कल्पना निःसंशय चांगली आहे. लोकशाहीची ती एक लहानशी पाठशाळाच म्हणावी लागेल.

तथापि शेजाऱ्याच्या हाती अधिकार देण्यात धोकाही असतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कर्जे व साहाय्य देताना या स्थानिक यंत्रणेने भेदभाव केल्याच्या तक्रारी दीर्घकाळ होत्या. १९९७ मध्ये पिगफर्ड या शेतकऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा सामूहिक दावा दाखल झाला आणि १९९९ मध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली. शेती-खात्याला एक अब्ज डॉलरांहून अधिक भरपाई द्यावी लागली. २०१० मध्ये आणखी सव्वा अब्ज डॉलरांची दुसरी तडजोड झाली. तोपर्यंत कित्येकांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या. नियम कागदावर समान असून भागत नाही. तो राबविणारी माणसेही समदृष्टीची असावी लागतात.

मसुराची गोष्ट

आता कडधान्यांकडे वळू. पलूसच्या टेकड्यांवर गव्हानंतर मसूर वा हरभरा घेतल्याने मातीत नत्र मुरते आणि गव्हावरील रोगही कमी होतात. बेळगाव परिसरातील काळ्या शिवारांत भातानंतर मसूर पेरतात, त्यामागील शहाणपण याच जातीचे आहे. पुलमन येथे १९८९ पासून मसुराचा उत्सव भरतो. परंतु अमेरिकन माणसाच्या ताटात मसूर फारसा नसतो; म्हणून या मालाला परदेशी गिऱ्हाईक हवे असते, आणि कडधान्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे भारत.

२०१६-१७ मध्ये आपल्या देशात कडधान्यांचे पीक भरघोस आले आणि भाव पडले. आपल्या शेतकऱ्यास आधार मिळावा म्हणून भारत सरकारने २०१७ च्या अखेरीस आयातीवर जकात बसविली: वाटाण्यावर शेकडा ५०, मसूर व हरभऱ्यावर शेकडा ३०. पुढे अमेरिकेने २०१८ मध्ये पोलाद व अॅल्युमिनियम यांवर जकात वाढविली, तेव्हा प्रत्युत्तर म्हणून भारताने जून २०१९ मध्ये अमेरिकन मसूर, हरभरा, सफरचंद, बदाम, अक्रोड इत्यादींवर जादा जकात लादली. ती सप्टेंबर २०२३ मध्ये उठविण्यात आली. म्हणजे भांडण पोलादाचे, आणि त्याची झळ लागली मसूर पिकविणाऱ्यास.

याच सुमारास अमेरिका व चीन यांचेही व्यापारयुद्ध पेटले होते. अमेरिकन सरकारने शेतकऱ्यांचे नुकसान भरून काढण्यासाठी २०१८ व २०१९ या दोन वर्षांच्या योजनांत मिळून सुमारे २३ अब्ज डॉलर वाटले. हा पैसा १९३३ मध्ये स्थापन झालेल्या त्याच महामंडळामार्फत आला, ज्याच्याकडे पूर्वी धान्य तारण ठेवीत असत. २०१८ मध्ये पिकागणिक दर होता: सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट, गव्हाला अवघे १४ सेंट. २०१९ मध्ये पद्धत बदलून प्रत्येक काउंटीसाठी एकच एकरी दर ठरविला. तो १५ पासून १५० डॉलरपर्यंत होता. त्या वेळच्या पात्र पिकांत मसूर, हरभरा व वाटाणाही होते. परंतु मध्ये रस्ता आणि दोन्ही बाजूंस काउंट्या निराळ्या असल्या, तर एकाच पिकाला इकडे एक दर आणि तिकडे दुसरा, असे घडू लागले. साहजिकच ‘आमच्यावर अन्याय झाला’ अशी ओरड झाली.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. आपल्या सरकारने जकात लावली ती आपल्या शेतकऱ्यासाठी. त्यांच्या सरकारने पैसा वाटला तो त्यांच्या शेतकऱ्यासाठी. मे २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेपुढे अशी तक्रार मांडली की, गहू व तांदूळ यांस भारत देत असलेला किमान आधारभूत भाव मर्यादेबाहेरचा आहे; भारताने हिशेबाची ती रीतच अमान्य केली. तिकडे अमेरिकेचे स्वतःचे अनुदान स्वस्त निर्यातीला उत्तेजन देते, हा इतर देशांचा जुना आक्षेप आहेच. प्रत्येकास दुसऱ्याचे अनुदान अन्याय्य वाटते आणि आपले आवश्यक वाटते.

लाभ कोणाला?

वरील उदाहरणात ४०० एकरांच्या शेतास ३२,८४४ डॉलर मिळाले. त्याच हिशेबाने ४० एकरांच्या धन्यास ३,२८४ डॉलर आणि २,००० एकरांच्या धन्यास १,६४,२२० डॉलर होतात. रक्कम जमिनीच्या मापाने वाढते, अडचणीच्या मापाने नव्हे. यावर कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. २०१८ च्या कायद्याखाली एका व्यक्तीस वर्षाला १,२५,००० डॉलरहून अधिक मिळू नये, असा नियम होता. २०२५ च्या कायद्याने ही मर्यादा १,५५,००० वर नेली. परंतु कुटुंबातील अनेक माणसे शेतीच्या कारभारात भागीदार दाखविली, म्हणजे प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र मर्यादा लागू होते. १९९५ नंतरच्या पीक-अनुदानांचा एका लोकसंस्थेने हिशेब मांडला, त्यात सर्वाधिक घेणाऱ्या दशांश लोकांकडे तीन चतुर्थांशांच्या आसपास रक्कम गेल्याचे दिसले.

कुळाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पलूसमध्ये बरीच जमीन दुसऱ्याकडून कसावयास घेतलेली असते. पीक वाटून घेण्याचा करार असेल, तर अनुदानही त्या वाटणीने मालक व कूळ यांच्यांत विभागले जाते. रोख खंड असेल, तर अनुदान कसणाऱ्यास मिळते. वरवर पाहता हे न्याय्य दिसते. परंतु या जमिनीबरोबर सरकारी पैसा येतो, हे मालकास ठाऊक असते. पुढील करारात तो खंड वाढवून मागतो. जमीन विकत घ्यावयाची म्हटले, तर तिच्या किमतीतही हे अपेक्षित अनुदान शिरलेले असते. अशा रीतीने शेतकऱ्याच्या नावाने निघालेला पैसा थोडाथोडा करून जमिनीच्या मालकाकडे झिरपतो, आणि नव्याने शेती करू इच्छिणाऱ्या तरुणाला जमीन अधिकच महाग होते.

अनुदान व्यर्थ आहे, असा याचा अर्थ मात्र नव्हे. गव्हाचा भाव दूरच्या देशांतील पाऊसपाणी, युद्धे आणि जकाती ठरवितात. टेकडीवरील शेतकऱ्याचा त्यावर काडीचाही ताबा नसतो. दोन-तीन वर्षे भाव पडून राहिला तर कष्टाळू व हुशार शेतकरीही बुडतो. आणि तो बुडाला म्हणजे त्याच्यामागे गावचे दुकान, यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर आणि शाळा यांनाही उतरती कळा लागते. विरळ वस्तीच्या मुलखात हा धोका फार मोठा असतो.

मातीचे ऋण

या हिशेबात एक पक्ष असा आहे की, ज्याला मत नाही आणि वाचाही नाही. तो म्हणजे माती. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत असे आढळले की, नांगर लागल्यापासून पलूसच्या लागवडीखालील जमिनीपैकी शेकडा १० भागावरील मूळची वरची माती पूर्णपणे वाहून गेली आहे, आणि आणखी शेकडा ६० भागावरील माती एक चतुर्थांश ते तीन चतुर्थांश गेली आहे. हे सर्व सुमारे शंभर वर्षांत घडले.

याला केवळ उतार कारणीभूत नव्हता. जुन्या नियमांनुसार गव्हाऐवजी दुसरे पीक घेतले, तर दप्तरातील गव्हाचे क्षेत्र घटे आणि पुढील अनुदान कमी होई. म्हणून मातीला फेरपालट हवा असतानाही शेतकरी गव्हालाच चिकटून राही. पैशाचा नियम आणि मातीचा नियम एकमेकांविरुद्ध उभे राहिले की काय होते, याचे हे उदाहरण होय. १९८५ च्या कायद्याने दोन सुधारणा केल्या. फार धूप होणाऱ्या जमिनीवर संरक्षणाचे उपाय न योजणाऱ्यास अनुदान नाकारण्याची तरतूद झाली. आणि अशी जमीन १० ते १५ वर्षे पड ठेवून तीवर गवत वा झाडे लावणाऱ्यास सरकार वार्षिक खंड देऊ लागले. १९९६ पासून पीक बदलण्याची मोकळीकही मिळाली. नांगर न लावता थेट पेरणी करण्याची पद्धतही तेथे पसरत गेली. सरकारी पैशाने जी हानी होऊ शकते, ती सरकारी पैशानेच थोपविताही येते. मात्र अट योग्य घातली पाहिजे.

आपल्याकडे पाहताना

आपल्या देशात फेब्रुवारी २०१९ पासून पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेखाली पात्र जमीनधारक शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी, थेट बँकखात्यात मिळतात. जमीन एक एकर असो वा दहा एकर, रक्कम तीच. तेलंगण राज्यात २०१८ मध्ये सुरू झालेली रयतू बंधू योजना याहून वेगळी होती: प्रारंभी हंगामाला एकरी ४,००० रुपये. तेथे दोन एकरांच्या धन्यास ८,००० आणि वीस एकरांच्या धन्यास ८०,००० मिळत. पहिली रीत व्हिटमन काउंटीच्या रीतीहून निराळी, दुसरी तिच्या जवळची. दोहोंतही जमीन ज्याच्या नावे नाही, त्या बटईने कसणाऱ्याची पंचाईत होते. पलूसच्या टेकड्यांवर आणि आपल्या शिवारात अंतर अर्ध्या पृथ्वीचे असले, तरी प्रश्न एकाच कुळीचे आहेत.

सारांश, अनुदानाची योजना पाहताना चार गोष्टी विचाराव्यात. पैसा कोणत्या मापाने मोजला जातो? तो प्रत्यक्ष कसणाऱ्याकडे राहतो की इतरत्र झिरपतो? निर्णय घेणारी माणसे सर्वांना सारखे लेखतात काय? आणि त्या पैशामुळे माती राखली जाते की झिजते? या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर तो पैसा दान न राहता अन्न पिकविणाऱ्याशी समाजाने केलेला करार ठरतो. उत्तरे नकारार्थी असतील, तर रक्कम कितीही मोठी असो, तिचा उपयोग थोडाच. विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी सातबारा, ‘पहाणी’ किंवा खात्याचा उतारा असेल. वडीलधाऱ्यांच्या संमतीने तो एकदा अवश्य पाहावा. त्या कागदावर कोणाचे नाव आहे आणि शेतात राबतो कोण, हे पडताळून पाहिले म्हणजे या लेखाचा निम्मा अभ्यास घरीच होईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका शेताचे गव्हाचे मूळ क्षेत्र २०० एकर व दप्तरी उतारा एकरी ७० बुशेल आहे. संदर्भ किंमत ५ डॉलर ५० सेंट आणि सरासरी बाजारभाव ४ डॉलर ५० सेंट असल्यास अनुदान किती होईल?

२. सर्वांना समान रक्कम देणे आणि एकरी रक्कम देणे, यांपैकी कोणती रीत अधिक न्याय्य? दोन्ही बाजूंचा प्रत्येकी एक मुद्दा लिहा.

३. परदेशी मसुरावर जकात बसविल्याने कोणाचा लाभ होतो आणि कोणाच्या घरखर्चावर भार पडतो, ते सांगा.